कामाआधी दिलेली पोच

आमच्या बुऱ्हाणपुरात माझ्या शेजाऱ्यांना मी काय काम करतो असं विचारलं, तर ते सांगतात, "प्रिंटर दुरुस्त करतात." मी ते खोडून काढत नाही. प्रिंटर दुरुस्त झाला की निदान कागद तरी बाहेर येतो. माझं खरं काम कोणाला दिसतच नाही. एका पेढीवरचा कम्प्युटर दुसऱ्या ऑफिसातल्या कम्प्युटरला निरोप पाठवतो. तो निरोप नीट पोचावा, अर्धा पोचू नये, दोनदा पोचू नये, ही व्यवस्था मी लावून देतो. निरोप्यांचा मुकादम म्हणा हवं तर.

संपादकांनी कळवलं, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, एक सांगतोही. पण ती जिथे जाऊन संपली ते मी यंदापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मी मुळात कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस खरं बोलतो असा लोकांचा समज असतो. त्या समजाचा मी फायदा घेतला आहे.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वेबवर चालणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांना दिसत नाहीत. एक इथे असतो, एक तिथे, आणि मधली तार कधी असते, कधी नसते. म्हणून दोघांत आधीच काही गोष्टी ठरवून ठेवाव्या लागतात. निरोप कोणत्या साच्यात लिहायचा, कोणत्या पत्त्यावर टाकायचा, मिळाला हे कसं कळवायचं, आणि समोरून काहीच उत्तर आलं नाही तर काय करायचं. या ठरवण्याला आमच्यात प्रोटोकॉल म्हणतात. मंत्र्यांच्या दौऱ्यात असतो तोच शब्द, फक्त आमच्याकडे हार-तुरे नसतात. त्याचे प्रकार बरेच आहेत. काहींत एकजण विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, बस. काहींत एकजण थोड्या थोड्या वेळाने दार वाजवत राहतो, "काही आलं का? काही आलं का?" काहींत दार उघडंच ठेवतात, ज्याला जे सांगायचं ते त्याने सांगावं. आणि काहींत मधे एक रांग असते. निरोप येऊन रांगेत बसतात, समोरच्याला सवड मिळाली की एकेक उचलतो.

प्रकार कोणताही घ्या, सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत असतो, ती म्हणजे पोच. "तुझा निरोप मिळाला" एवढंच ते उत्तर. दिसायला साधं, पण त्याचा अर्थ असा की आता या निरोपाची जबाबदारी माझी, तू मोकळा झालास. पोच मिळाली की पाठवणारा आपल्याकडची प्रत पुसून टाकतो. म्हणून पोच कधी द्यायची, हा या धंद्यातला खरा प्रश्न. निरोप कानावर पडल्याबरोबर, की आपल्या डिस्कवर लिहून झाल्यावर? शिकवताना मी नेहमी सांगतो, लिहून झाल्यावर. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून चूक झाली, असं म्हणायची सोय मला नाही.

आता ती गमत.

गावातल्या शनवारा भागात गणेशभाऊंचं मिठाईचं दुकान. मावा जिलेबी हा आमच्या गावाचा अभिमान, आणि गणेशभाऊंची कढई तर लग्नसराईत उतरतच नाही. एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवरून त्यांच्या दुकानात ऑर्डर यावी अशी जोडणी मी करून दिली. दुकानातला कम्प्युटर म्हातारा होता. ऑर्डर आली की आधी लिहून घ्यायचा, मग पोच द्यायचा. पद्धत बरोबर होती, पण लिहायला त्याला फार वेळ लागे. तिकडे पाठवणारा प्रोग्रॅम थोडा थांबला, पोच दिसली नाही, त्याला वाटलं निरोप वाटेत हरवला. त्याने पुन्हा पाठवला. मग परत एकदा. एका लग्नाची जिलेबी तीन लग्नांएवढी तळली गेली.

गणेशभाऊंनी मला दुकानात बोलावलं. पराती मांडून ठेवल्या होत्या. "साहेब, एक सांगा," ते म्हणाले, "नवरदेव एकच आहे ना? का तिघं उभे राहून राहिले एका मांडवात?"

मी म्हटलं, "भाऊ, पोच उशिरा गेली, म्हणून—"

"मले पोच नका सांगू. ही जिलेबी कोणाच्या घरी पोचवू ते सांगा."

चार-सहा दिवस आमच्या घरी, सासुरवाडीला, शेजारीपाजारी जिलेबीच होती. गल्लीत मला 'ट्रिपल साहेब' असं नाव पडलं. हॉटेलात गेलो की कोणीतरी ओरडायचं, "साहेबांना एक चहा, नाहीतर तीन येतील!" मीही हसायचो. पण हसणं मला जमत नाही, आणि ते आतमध्ये कुठेतरी रुतून बसलं.

यावर खरा उपाय असा असतो. प्रत्येक निरोपाला एक क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नुसती पोच द्यायची, काम पुन्हा करायचं नाही. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचं सगळं उघडून नव्याने बांधावं लागतं. मी सोपी वाट धरली. निरोप आला रे आला की आधी पोच देऊन टाकायची, लिहिण्याचं काम मागाहून सावकाश होऊ द्यायचं. कोणी थांबत नाही, म्हणून कोणी दुसऱ्यांदा पाठवत नाही. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी होत्या, एक 'लिहून घे', एक 'पोच दे'. मी दुसरी उचलून पहिलीच्या वर ठेवली. बस, एवढंच.

आणि त्याच साच्यातून मी मुरलीशेठचं काम बनवलं.

मुरलीशेठ केळीचे व्यापारी. आमच्या तापीकाठी केळीचा एक रिवाज आहे, तो बाहेरच्याला सांगायला हवा. गाडी लागली, म्हणजे मळ्यासाठी ट्रक ठरला, की आदल्या दिवशी शेतकऱ्याला कळतं, आणि उजाडताच कापणीची टोळी मळ्यात शिरते. गाडी दारात येण्याची वाट बघत नाहीत. ती आली की लगेच भरायला माल तयार हवा, कारण ती थांबत नाही. तिला दुसऱ्या दिवशी लांबचा बाजार गाठायचा असतो. म्हणजे गाडी येणार या एका शब्दावर घड झाडावरून खाली येतात. शब्द खोटा ठरला तर घड परत झाडाला लागत नाहीत.

हा शब्द देण्याचं काम पेढीवर सुनंदाताई करायच्या. बहादरपूरच्या. नवरा लवकर गेला, मुलाला वाढवून, त्याचं लग्न लावून देऊन बसलेल्या. पूर्वी त्या ट्रक पुरवणाऱ्या गाड्यांच्या ऑफिसात फोन करायच्या, गाव सांगायच्या, मळा सांगायच्या, आणि पलीकडच्याकडून ते सगळं परत वदवून घ्यायच्या. तो वैतागायचा. "ताई, ऐकलं ना, बहिरा नाही मी!" ताई म्हणायच्या, "बहिरा नाही तर बोल मग."

मी पेढीवरचा प्रोग्रॅम थेट गाड्यांच्या ऑफिसातल्या प्रोग्रॅमला जोडला. ताईंनी गाव-मळा भरायचा, बटण दाबायचं, पोच आली की पडद्यावर हिरवी खूण. सगळ्यांत जास्त आनंद ताईंनाच झाला. फोनच्या कटकटीतून सुटल्या. सुनेला मुद्दाम पेढीवर आणून दाखवलं, "हे बघ, दाबलं की हिरवं." मुरलीशेठही खूश. आधी त्यांनी हिशेबासाठी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर चक्र फिरत बसायचं. ते मला म्हणाले होते, "साहेब, ये चक्कर मला नको. बटण दाबलं की हिरवं झालं पाहिजे." माझ्या साच्यात चक्र नव्हतंच. पोच आधी, काम मागाहून.

एकदा एक लहान गाडी लागली नाही. ताई म्हणाल्या, खूण आली होती. गाडी दुसरीकडून मिळाली, विषय हसण्यावारी गेला. शेठ म्हणाले, "ताई, लक्ष कुठं होतं? नातवाकडे?" त्या वेळी मला खरंच काही कळलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मात्र इच्छापूरच्या प्रल्हादभाऊंचा मळा होता. निर्यातीचा माल, निवडक घड. टोळीने उजाडताच कापणी सुरू केली. दुपार व्हायला आली तरी गाडी नाही. उन्हाळ्याचे दिवस. मी त्या दिवशी पेढीवरच होतो, शेठच्या मुलाचा प्रिंटर बघत. प्रल्हादभाऊंचा फोन आला, शेठनी तो स्पीकरवर लावला.

"शेठ, घड कापून पडले सकाळपासून. सालीवर चीक उतरून काळे डाग पडून राहिले. गाडी कुठं हाय?"

शेठनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "लावली ना मी काल. हिरवी खूण आली."

"दाखवा."

लागलेल्या गाड्यांची यादी गाड्यांच्या ऑफिसातूनच पडद्यावर यायची, तीत ताईंनी इच्छापूरची गाडी शोधली. नव्हती. गाड्यांच्या ऑफिसात विचारलं, तिथेही नव्हती. तिकडचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे इच्छापूरचं नावच नाही. काल संध्याकाळी लाइट जाऊन-येऊन करत होती, पण बाकी सगळ्या गाड्या तर लागल्या."

लाइट जाऊन-येऊन करत होती. हे कानावर पडलं आणि माझे हात प्रिंटरवरच थांबले. गाड्यांच्या ऑफिसातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, कम्प्युटर मधेच बंद पडून परत चालू झाला असणार. त्याने ताईंचा निरोप ऐकला, पोच दिली, आणि लिहून घ्यायच्या आत दिवा गेला. इकडे पोच आली म्हणून पेढीवरच्या प्रोग्रॅमने आपली प्रत पुसली. आता तो निरोप जगात कुठेच नव्हता. ज्याने त्याची हिरवी खूण पाहिली होती असं एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासमोर उभं होतं.

शेठ माझ्याकडे वळले. "साहेब, एका शब्दात सांगा. मशीन चुकली का बाई चुकली?"

त्या आठवड्यात दुसऱ्या दोन पेढ्यांचे मालक हेच काम बघायला येणार होते. ट्रिपल साहेब हे नाव नुकतंच कुठे विरत चाललं होतं. मी खुर्चीवर बसलो, चार कळा दाबल्या, पडदा वर-खाली केला. मग म्हणालो, "नोंद तर कुठेच दिसत नाही."

या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता.

ताई म्हणाल्या, "म्हणजे मी दाबलंच नाही?"

मी म्हणालो, "तसंच दिसतंय, ताई."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडल्या नाहीत. स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. शेठ फोनवर प्रल्हादभाऊंची समजूत घालत होते. मी सामान आवरायला लागलो तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, मले तर ती खूण डोळ्यासमोर दिसून राहिली. अजूनही." आणि मग, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मलेच ओळखत नव्हती."

मी म्हणालो, "पाणी प्या, ताई."

शेठनी त्यांना कामावरून काढलं नाही. "आराम करा" म्हणाले. पेढ्यांवर त्याचा अर्थ तोच.

दुसऱ्या दिवशी मी गाड्यांच्या ऑफिसात गेलो आणि दोन ओळी परत जागच्या जागी ठेवल्या. आधी 'लिहून घे', मग 'पोच दे'. त्यानंतर एकही गाडी चुकली नाही. आणि हेच सगळ्यांत वाईट झालं. ताई गेल्या आणि चुका थांबल्या, हे सगळ्या पेढीने पाहिलं. यापेक्षा पक्का पुरावा ताईंच्या विरुद्ध कोणाला मिळाला असता? तो मीच तयार करून दिला, माझी चूक सुधारून.

पुढचं मला उडत उडत कळत राहिलं. मुलाने त्यांना इंदूरला नेऊन तपासण्या केल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण घराण्यात आहे म्हणून लक्ष ठेवा म्हणाले. ताईंनी किल्ल्या सुनेकडे दिल्या. एकट्याने बाजारात जाणं सोडलं. नातवाला घेऊन रस्ता ओलांडणं सोडलं. मी ऐकायचो, आणि विषय बदलायचो. कमी बोलणाऱ्याला ते सोपं जातं.

यंदा एका लग्नात त्या भेटल्या. सुनेचा हात धरून उभ्या होत्या. मला पाहून चेहरा उजळला. सुनेला म्हणाल्या, "ज्योती, हेच ते साहेब. यांनी त्या दिवशी खरं सांगितलं म्हणून बरं. नाहीतर मी अजून कोणाकोणाचं नुकसान करून बसली असती." आणि मला हात जोडले.

मी जेवण सोडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आधी मुरलीशेठकडे गेलो. सगळं सांगितलं, दोन ओळींसकट. ते ऐकून घेत होते, मग हसले. "अरे साहेब, आता काय त्याचं? जाने दो. प्रल्हादभाऊ विसरला, मी विसरलो. आणि हे बाहेर बोलू नका, बाकीची गिऱ्हाइकं घाबरतील तुमची." माझ्याच भल्याचा सल्ला होता तो. मी इतके दिवस स्वतःला तोच देत होतो.

मग बहादरपूरला गेलो. ताई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या, ज्योती आत होती. दोघींना बोलावून मी बसलो आणि सांगितलं. प्रोटोकॉल, पोच, लाइट, प्रत पुसणं, सगळं. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. मधे ताईंचे हात थांबले.

"म्हणजे मी दाबलं होतं?"

"दाबलं होतं, ताई."

"दोन्ही वेळा?"

"पहिल्या वेळचं मी पाहिलं नव्हतं. पण तेही तसंच झालं असणार. तुमची चूक नव्हती."

"आणि तुमाले हे त्याच दिवशी कळलं."

"त्याच वेळी. तुम्ही समोर उभ्या होत्या तेव्हाच."

त्या रागावतील, शिव्या देतील, अशी तयारी करून मी गेलो होतो. त्यांनी लसणीची साल फुंकरीने बाजूला केली. "मग इतके दिवस मी कायले भिऊन राहिली?" हे त्या मला विचारत नव्हत्या. मग सुनेकडे वळल्या. "ऐकलं का ज्योती?"

"हो आई, ऐकलं," ज्योती म्हणाली. आवाज मऊ होता, लहान मुलाशी बोलावं तसा.

मी पाणी मागितलं. ज्योती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिने मला अंगणात थोडं बाजूला बोलावलं. "भाऊ, तुम्ही आलात, बहुत अच्छा केलं. त्यांना बरं वाटलं."

मी म्हणालो, "बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं. खरंच तसं झालं आहे."

"हो ना. पण परवा दूध उतू गेलं, भाऊ. त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला."

"दूध सगळ्यांच्याच घरी उतू जातं."

"जातं ना. पण सगळ्यांच्या घरी डॉक्टरने नजर ठेवा असं नाही सांगितलं. घरात लहान पोरगं आहे, मी रिस्क कशी घेऊ?" तिचे डोळे भरले होते. ती वाईट नाही. तिला जो निरोप मिळाला तो तिने नीट लिहून ठेवला आहे, आणि तो माझ्याकडूनच गेला होता.

ओसरीवरून ताईंचा आवाज आला. "साहेब, बसा. चहा मी करते." त्या उठल्याच. पदर खोचला. कितीतरी दिवसांनी उठाव्या तशा उठल्या आणि आत गेल्या. ज्योतीने माझ्याकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या मागोमाग गेली.

मी ओसरीवर एकटा बसलो. आत लायटर वाजला, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. आल्याचा वास आला. मग कपांत चहा गाळल्याचा आवाज. ज्योतीने काही विचारलं नव्हतं.

मग ताईंचाच आवाज आला. "गॅस बंद केला मी." आणि थोडं थांबून, "केला ना? बघ बरं तू एकदा."